मिनस्टेडचा फेरा आणि वहिवाटीचे रान

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, साउदॅम्प्टन बंदराच्या पश्चिमेला, न्यू फॉरेस्ट नावाचा प्रदेश आहे. नावात ‘नवे’ असले तरी हे रान साडेनऊशे वर्षांचे आहे. विल्यम द कॉन्करर या नॉर्मन राजाने १०७९ च्या सुमारास ते स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवले आणि १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे त्याने करवून घेतलेल्या जमिनींच्या मोजदादीच्या वहीत, ‘नोव्हा फॉरेस्टा’ या नावाने त्याची नोंद झाली. या रानाच्या पोटात मिनस्टेड नावाचे एक लहान गाव आहे. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात एका सकाळी मी त्या गावातून निघालो आणि चर्च, शेतांमधल्या पायवाटा, जुनी झाडी आणि उघडा माळ असा सुमारे नऊ किलोमीटरचा फेरा करून दुपारी पुन्हा गावातच परतलो. त्या फेऱ्याविषयी लिहायचे आहे, आणि त्याबरोबरच एका मराठी शब्दाविषयी, जो वाटेत पहिल्या फाटकापाशी आठवला आणि मग दिवसभर मनातून गेला नाही. तो शब्द म्हणजे ‘वहिवाट’.

गावाच्या मध्यावर हिरवळीचा एक लहानसा तुकडा आहे, त्याच्या कडेला गावचे दुकान आहे आणि समोर ‘द ट्रस्टी सर्व्हंट’, म्हणजे ‘विश्वासू सेवक’, नावाची खाणावळवजा मद्यशाळा आहे. तिच्या दारावरची पाटी थांबून पाहावी अशी आहे. विंचेस्टर कॉलेजमधल्या एका जुन्या चित्राची ती नक्कल आहे. चित्रातल्या नोकराला डुकराचे तोंड आहे, कारण समोर येईल ते अन्न त्याने खावे. त्या तोंडाला कुलूप आहे, कारण धन्याचे गुपित त्याने फोडू नये. त्याचे कान गाढवाचे आहेत, म्हणजे धन्याची बोलणी तो निमूटपणे ऐकून घेईल. आणि पाय हरणाचे आहेत, म्हणजे निरोप घेऊन तो वेगाने धावेल. चित्र रंगतदार आहे, पण मला ते पाहून वाईट वाटले. राबणाऱ्या माणसाने कसे असावे हे ठरवणाऱ्यांनी त्याच्या अंगावर माणसाचे फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही. हे चित्र आरंभीच दिसले ते मात्र बरे झाले, कारण पुढच्या वाटेवर राबणाऱ्या माणसांचीच, पण अगदी वेगळी, हकीकत उलगडत गेली.

हिरवळीपासून चढ चढून गेले की ऑल सेंट्स हे चर्च लागते. त्याचा गाभा तेराव्या शतकातला आहे, पण त्यात पुढच्या पिढ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे इतकी भर घातली आहे की बाहेरून पाहणाऱ्याला ते एखाद्या वाढत गेलेल्या वाड्यासारखे वाटते. मनोरा विटांचा आहे, छपराला घरांसारख्या खिडक्या आहेत आणि आत एकावर एक असे दोन लाकडी सज्जे आहेत. प्रवचनासाठीचे व्यासपीठही तीन मजली आहे. जमीनदार कुटुंबांसाठी मात्र स्वतंत्र खोल्यांसारख्या बैठका आहेत आणि त्यांतल्या एका बैठकीत चक्क शेकोटीची चूल आहे. एकाच छताखाली, एकाच प्रार्थनेसाठी जमलेल्या गावाची उतरंड इतक्या स्पष्टपणे लाकडात कोरलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. चर्चमधली जुनी, दगडात कोरलेली बाप्तिस्म्याची कुंडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाद्र्यांच्या घराच्या बागेत पुरलेली सापडली, असे सांगतात.

चर्चच्या मागे, स्मशानभूमीच्या अगदी टोकाला, एका ओकच्या झाडाखाली सर आर्थर कॉनन डॉइल यांची कबर आहे. शेरलॉक होम्सच्या निर्मात्याची कबर पाहायला बहुतेक प्रवासी इथे येतात आणि कबरीवर कुणी पाइप, कुणी भिंग ठेवून जातात. डॉइल १९३० मध्ये ससेक्समधल्या क्राउबरो इथे वारले आणि त्यांना तिथल्या राहत्या घराच्या बागेत पुरले होते. पुढे ते घर विकले गेल्यावर १९५५ मध्ये त्यांचे आणि पत्नी जीन यांचे अवशेष मिनस्टेडला आणण्यात आले. ही जागा निवडण्यामागे कारण होते. या परिसरात बिग्नेल वुड इथे त्यांचे घर होते आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हाइट कंपनी’ या त्यांच्या ऐतिहासिक कादंबरीचा काही भाग मिनस्टेडमध्येच घडतो. शिळेवर त्यांचा उल्लेख देशभक्त, वैद्य आणि साहित्यिक असा आहे. होम्सचे नाव तिथे नाही. डॉइल यांना स्वतःला आपल्या ऐतिहासिक लेखनाचा अधिक अभिमान होता, हे लक्षात घेतले तर ही शिळा त्यांना आवडली असती असे मला वाटते.

चर्चपासून पुढे पायवाट शेतांत उतरते. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असतो आणि त्या बाणाच्या दिशेने कुणीही, कुणाच्याही शेतातून, निर्धास्तपणे चालत जाऊ शकतो. शेत खासगी असते, कुंपण खासगी असते, पण वाट सर्वांची असते. यांतल्या कित्येक वाटा कुणी आखून दिलेल्या नाहीत. माणसे चर्चला, गिरणीला, शेजारच्या गावाला जात राहिली आणि वाटा पडल्या. इंग्लंडचा १९८० चा हायवेज ॲक्ट असे सांगतो की एखाद्या वाटेने लोक सलग वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा चालत आले असतील आणि ती वाट लोकांना द्यायची नाही असा मालकाचा इरादा या काळात दिसून आला नसेल, तर ती सार्वजनिक वाट म्हणून अर्पण झाली आहे असे मानावे. आपल्याकडे याला एक शब्द पुरतो. ‘वहिवाट’ म्हणजे चालून पडलेला रस्ता आणि वहिवाट म्हणजे वापराने सिद्ध झालेला हक्क; दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. त्या फाटकाची कडी लावताना मला हा शब्द आठवला, तो असा.

शेते संपली की दोन्ही बाजूंनी उंच बांध आणि झुडपे असलेली पाणंद लागते. शेकडो वर्षांच्या पायांनी, खुरांनी आणि पावसाच्या पाण्याने ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बरीच खोल गेली आहे. एक ओहोळ ओलांडून चढ चढलो की फर्झी गार्डन्स येते. १९२२ मध्ये वसवलेल्या या बागेत सोळाव्या शतकातले, शाकारलेल्या छपराचे एक घर जपून ठेवले आहे. न्यू फॉरेस्टमधल्या साध्या माणसांची घरे कशी असत, याची कल्पना अशा घरांवरून येते. या भागात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, त्यामुळे लाकडाचा सांगाडा उभारून मधल्या जागा कुडाने आणि मातीने भरत किंवा चिकणमाती, पेंढा आणि खडी तुडवून त्याच्या जाड भिंती घालत. या मातीच्या भिंतीला तिथे ‘कॉब’ म्हणतात. तिला खालून ओल आणि वरून पाऊस लागू द्यायचा नाही, एवढे पथ्य पाळले तर ती शतकानुशतके टिकते; म्हणूनच छपराच्या वळचणी इतक्या पुढे आलेल्या असतात.

अशा घरातल्या चुलीला इथे फार मोठा अर्थ होता, कारण रानातून सरपण आणण्याचा हक्क त्या घराच्या चुलीशी बांधलेला असे. घर गेले, चूल गेली, की हक्कही गेला. न्यू फॉरेस्टमधले वहिवाटीचे हक्क माणसाला मिळत नाहीत; ते ठरावीक घरांना आणि जमिनींना चिकटलेले असतात आणि त्या घरात जो राहतो तो ‘कॉमनर’ ठरतो. हे हक्क एकूण सहा प्रकारचे आहेत. घोडे, गाईगुरे आणि गाढवे रानात चरायला सोडणे हा सगळ्यांत महत्त्वाचा. शरद ऋतूत डुकरे सोडणे हा दुसरा. मेंढ्या चारण्याचा हक्क थोड्याच जमिनींना आहे. जळणासाठी लाकूड घेणे, जळणासाठी गवताळ मातीची ढेपे कापणे आणि शेतात टाकण्यासाठी चुनखडीमिश्रित चिकणमाती खणून नेणे हे उरलेले तीन. यांतले शेवटचे दोन आता जवळजवळ कुणी वापरत नाही, पण चराईची वहिवाट आजही रोज चालू आहे आणि या रानाचे रूप तिच्यावर उभे आहे.

हे रूप पाहायला फर्झीच्या पुढे जुन्या झाडीत शिरावे लागते. बीच आणि ओक यांची ही झाडी असून मधूनमधून काटेरी पानांचे हॉली उगवलेले असते. आत शिरताच लक्षात येते की झाडांच्या फांद्या खालून एका रेषेत कापल्यासारख्या दिसतात. ही रेषा घोड्यांनी आणि हरणांनी आखलेली आहे. त्यांचे तोंड पोहोचते तिथपर्यंत पाला शिल्लक राहत नाही. काही वृद्ध झाडांचे खोड डोक्याइतक्या उंचीवर एकदम फुटून त्याला अनेक जाड फांद्या आलेल्या असतात. पूर्वी जनावरांना चारा आणि माणसांना जळण मिळावे म्हणून झाडाचा शेंडा अशा उंचीवर छाटत, की नवे धुमारे जनावरांच्या तोंडाला लागू नयेत. आरमाराच्या जहाजांना सरळ, लांब लाकूड हवे म्हणून १६९८ मध्ये या छाटणीवर बंदी आली. त्यामुळे अशा आकाराचा ओक दिसला, तर त्याच्यावरची पहिली कुऱ्हाड बहुधा त्या सालाआधीची असणार. त्या झाडाखाली मी बराच वेळ थांबलो. कुणाच्या तरी घोड्यासाठी, कुणाच्या तरी चुलीसाठी केलेली ती छाटणी तीनशेहून अधिक वर्षांनी अजून वाचता येत होती.

झाडीतून चढून वर आले की एकर्स डाउनचा उघडा माळ लागतो. इथून सगळीकडे झाडांचे शेंडे दिसतात. शिकारी पक्षी पाहायला लोक दुर्बिणी घेऊन इथे येतात. पायांखाली हेदर या बुटक्या झुडपाची जांभळी फुले करपू लागली होती आणि नेच्यांनी तांबूस रंग धरला होता. या माळाला ‘फॉरेस्ट’ म्हणावे का, असा प्रश्न आपल्याला पडतो, कारण झाडे असल्याशिवाय जंगल ही कल्पना आपण करत नाही. पण नॉर्मन काळात ‘फॉरेस्ट’ हा कायद्याचा शब्द होता: राजाच्या शिकारीचे कायदे जिथे लागू आहेत तो प्रदेश, मग तिथे झाडी असो, माळ असो वा दलदल. गंमत अशी की आपला ‘जंगल’ हा शब्द ज्या संस्कृत ‘जाङ्गल’वरून आला, त्याचाही अर्थ कोरडा, उघडा, विरळ झाडीचा मुलूख असाच होता.

त्या कायद्याने हरीण आणि हरणाला लागणारा हिरवा पाला या दोन्हींना संरक्षण दिले आणि गावकऱ्यांचे हात बांधले. शेताला हरीण अडेल असे कुंपण घालता येत नसे. रानात वावरणाऱ्या कुत्र्यांच्या पुढच्या पंजांची नखे छाटून टाकत, म्हणजे ती शिकारीचा पाठलाग करू शकत नसत. जवळच्या लिंडहर्स्ट गावात रानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या सभागृहात एक जुनी लोखंडी रिकीब आहे. तिच्यातून जाईल एवढे लहान कुत्रे असेल तर ते या शिक्षेतून सुटे, अशी परंपरा सांगतात. कुंपणे नाहीत म्हटल्यावर जनावरे मोकळी चरणार हे ओघानेच आले, आणि राजाच्या सोयीसाठी सुरू झालेल्या या व्यवस्थेत गावकऱ्यांची चराई हळूहळू मान्य हक्क बनली.

ज्या राजासाठी हे सगळे होते, त्याच्या मुलाचा शेवट याच रानात झाला. दुसरा विल्यम, ज्याला लोक रूफस म्हणत, २ ऑगस्ट ११०० रोजी शिकार करताना बाण लागून मेला. बाण शिकारीत सोबत असलेल्या वॉल्टर टिरेल याने सोडला असे इतिवृत्तकार सांगतात. तो अपघात होता की घात, यावर अजून वाद आहे. धाकटा भाऊ हेन्री याने विंचेस्टर शहरातला राजाचा खजिना ताब्यात घेऊन तीन दिवसांत स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला, त्यामुळे संशयाला जागा राहिलीच. परंपरेप्रमाणे राजाचे प्रेत पर्किस नावाच्या कोळसे पाडणाऱ्याने आपल्या गाडीवर घालून विंचेस्टरला नेले. मिनस्टेडच्या वायव्येला ‘रूफस स्टोन’ नावाचे स्मारक आहे. मूळ दगड अठराव्या शतकात बसवला होता. लोक त्याचे टवके काढून नेऊ लागले म्हणून १८४१ मध्ये त्यावर लोखंडी आवरण घातले. मधून मोठा महामार्ग जात असल्याने मी त्या दगडाला या फेऱ्यात घेतले नाही आणि मला त्याची फारशी खंतही वाटली नाही, कारण घटना नेमकी तिथेच घडली याबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही.

त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १८५१ मध्ये संसदेने रानातली हरणे काढून टाकण्याचा कायदा केला आणि त्याच्या मोबदल्यात राजसत्तेला आणखी दहा हजार एकर जमीन कुंपणात घेऊन तिथे लाकडाची लागवड करण्याची मुभा दिली. चांगली कुरणे कुंपणाआड जाऊ लागली आणि जुनी झाडे तोडली जाऊ लागली. चराईवर जगणाऱ्या माणसांची ही कोंडी होती. त्यांच्या बाजूने संसदेत उभे राहिलेल्यांमध्ये हेन्री फॉसेट होते. भारताच्या अर्थकारणाविषयी सातत्याने प्रश्न विचारल्यामुळे ज्यांना ‘मेंबर फॉर इंडिया’ म्हटले गेले, तेच हे फॉसेट. पंचविसाव्या वर्षी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. १८७१ मध्ये त्यांनी न्यू फॉरेस्टमधली झाडतोड आणि नवी कुंपणे थांबवण्याचा ठराव मांडून तो संमत करून घेतला. त्यानंतर १८७७ चा कायदा आला, त्याने नवी कुंपणे घालण्यावर कायमचा निर्बंध आणला आणि ‘व्हर्डरर’ या जुन्या पंचांचे न्यायालय कॉमनरांच्या हिताचे रक्षण करण्यासाठी नव्याने उभे केले. २००५ मध्ये न्यू फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान झाले, पण जे राखायचे ते त्याआधी सव्वाशे वर्षे या कायद्याने राखून ठेवले होते.

ते न्यायालय आजही लिंडहर्स्टला भरते. दहा व्हर्डररांपैकी पाच जण कॉमनरांच्या मतांनी निवडून येतात. सभेच्या आरंभी हिरव्या पोशाखातला कर्मचारी उभा राहून, ज्याला काही म्हणणे मांडायचे असेल त्याने पुढे यावे, असा पुकारा जुन्या भाषेत करतो आणि मग कुणीही उठून रानाविषयीची आपली तक्रार मांडू शकतो. हा पुकारा करणारे कर्मचारी म्हणजे ‘ॲजिस्टर’. ते एकूण पाच आहेत आणि आपापल्या भागातल्या जनावरांवर घोड्यावरून देखरेख ठेवतात.

एकर्स डाउनवरून परत उतरताना एका फाटकापाशी मला एक वृद्ध बाई भेटल्या. त्यांच्या कुटुंबाचे घोडे रानात असतात. मी समोर चरणाऱ्या घोडीकडे पाहत होतो आणि तिच्या शेपटीचे केस पायऱ्या केल्यासारखे विचित्र का कापले आहेत, असे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले की ती या भागाच्या ॲजिस्टरची खूण आहे. प्रत्येक ॲजिस्टरची कापण्याची पद्धत वेगळी असते, त्यामुळे घोडा कोणत्या भागातला आहे आणि त्याचे या वर्षीचे शुल्क भरले आहे हे लांबूनही कळते. ‘म्हणजे हे घोडे रानटी नाहीत तर,’ मी म्हणालो. ‘एकही नाही,’ त्या म्हणाल्या, ‘प्रत्येकाला घर आहे.’ मग त्यांनी मला कळकळीने सांगितले की पाहुण्यांनी घोड्यांना खाऊ घालू नये, कारण त्याने घोडे रस्त्याकडेला रेंगाळायला शिकतात आणि गाड्यांखाली सापडतात. खायला घालण्यावर आणि हात लावण्यावर २०२३ मध्ये बंदी आली आणि ती मोडल्यास शंभर पौंड दंडाची तरतूद झाली. रानातल्या उघड्या रस्त्यांवर ताशी चाळीस मैलांची मर्यादा आहे, तरीही दर वर्षी जनावरे मरतात. हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता.

परतीच्या झाडीत, ओकखाली, डुकरांचा एक कळप दिसला. हिरवे ओकफळ घोड्यांना आणि गुरांना विषारी ठरते आणि डुकरांना मात्र ते पौष्टिक असते. म्हणून फळे गळू लागली की व्हर्डरर दिवस ठरवतात आणि निदान साठ दिवस डुकरे रानात सोडली जातात. त्यांच्या नाकात कडी अडकवलेली असते, म्हणजे ती जमीन खोल उकरत नाहीत. डूम्सडे बुकात रानाची मोजदाद डुकरांच्या संख्येवर केलेली आढळते, इतकी ही वहिवाट जुनी. माझ्याकडे न बघता ती कडाकड ओकफळे फोडत होती आणि त्या आवाजाखेरीज झाडीत दुसरा आवाज नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास मी हिरवळीवर पोहोचलो. पाटीवरचा कुलूपबंद नोकर जागच्या जागी होता. त्याच्या समोर, रस्त्याच्या मधोमध, एक तपकिरी घोडी शिंगरासह उभी होती आणि दोन्ही बाजूंना गाड्या मुकाट्याने थांबल्या होत्या. घोडीच्या शेपटीवर मला आता पायऱ्या ओळखता आल्या. शिंगराची शेपटी अजून अखंड होती. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत घोडे गोळा करून त्यांची पाहणी आणि खुणा होतात, शिंगरे आईपासून वेगळी केली जातात, काही विकली जातात आणि काही पुन्हा रानात सोडतात. या शिंगराचे काय ठरणार आहे, हे त्याच्या घरच्यांनाच माहीत. काही मिनिटांनी घोडी हिरवळीकडे वळली, शिंगरू तिच्या मागून गेले आणि गाड्या हलल्या.